थोरलीचा पहिला नंबर

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.

आज प्रतापने मला शेअर बाजार समजावून सांगितला. मला! माझ्याच घरात, माझ्याच हातचं श्रीखंड खाऊन, बोटं चाटत.

झालं असं — आमच्या टोळक्याला नवीन खेळणं मिळालंय. प्रेडिक्शन मार्केट. सट्टाच तो, पण इंग्रजीत म्हटलं की घरी सांगता येतो. प्रश्न एकच: ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कचा बाजार बंद होताना जगातली सगळ्यात महागडी कंपनी कोणती असेल? लोकांना जिची जेवढी खात्री, तेवढे सेंट तिच्या तिकिटाचा भाव. उत्तर बरोबर आलं तर तिकिटाचा एक डॉलर, नाहीतर भोपळा. आम्ही पाच घरं मिळून खेळणार. खातं प्रतापचं, कारण प्रताप सगळीकडे पुढे. गिरीशचा कॉलेजातला मित्र, आम्हाला डब्लिनला या म्हणणाराही तोच. त्यामुळे आमचे नवरोबा त्याच्यापुढे तोंड उघडत नाहीत.

"वहिनी, सोपं आहे एकदम," म्हणाला. मी सहा वर्षं लुआसच्या ट्राममध्ये बसून कंपन्यांचे तिमाही अहवाल वाचतेय, लोक सुडोकू सोडवतात तसे. गिरीशला हे माहीत आहे. तो पुऱ्या वाढत होता.

सध्या पहिल्या नंबरावर आहे तिला मी थोरली म्हणते, दुसरीला धाकटी. धाकटी कानामागून आली आणि तिखट झाली. दोघींत अंतर फार नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

माझं मत लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी काही म्हणायला नको: थोरलीच राहणार. ३० तारखेला तिचे तिमाही आकडे आहेत, ते नेहमीसारखे चांगलेच येतील. धाकटीला अजून सहा महिने तरी दम धरावा लागेल.

तारीख घालून लिहिलं. ऑफिसात आम्ही टेस्टर मंडळी नव्या पोरांना पहिली गोष्ट हीच शिकवतो — काय पाहिलं, कधी पाहिलं, लगेच लिहा. लिहिलं नाही तर ते झालंच नाही. ही वही त्याच सवयीची. लोकांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, वहीत फुकट शोधते.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पाऊस. लुआस बंद पडली. ज्ञानदाला मराठीत रागावलं की ती "ओके मॅमी, काम डाउन" म्हणते. आठ वर्षांची आहे. राग अर्ध्यावरच हसू होतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

चकल्या! दिवसभर. केसांना, पडद्यांना, सगळ्याला तेलाचा वास.

स्वरांगी सकाळीच सोऱ्या घेऊन आली. दोन मजले खाली राहते, एकोणतीस वर्षांची, नागपूरची. थोरलीच्याच डब्लिन ऑफिसात फायनान्समध्ये आहे. म्हणून ती आमच्या खेळात नाही. त्यांच्याकडे नियम फार कडक, तिने दसऱ्यालाच कानांवर हात ठेवले. नवरा, अद्वय, अजून नागपुरात. त्याचे कागद हिच्या नोकरीवर आणि हिची परवानगी कंपनीच्या नावावर. जानेवारीत येईल म्हणे. तोवर सोबतीला तिची आई येणार आहे, पुढच्या आठवड्यात.

पहिला घाणा तेलात विरघळला. मोहन जास्त पडलं. मी नाही, तिने घातलं. दुसऱ्याला धुराचा अलार्म वाजला, ज्ञानदा टॉवेल घेऊन खुर्चीवर चढली. स्वरांगीची टकळी अखंड. आईसाठी एक प्रेस रिकामं केलं (चौदा महिन्यांत कपाटाला प्रेस म्हणायला लागली!), अद्वय फोनवर बोलता बोलता झोपतो, बेकरीवाली बाई खवट आहे. यांच्याकडे दर तिमाहीचे आकडे जाहीर झाले की संध्याकाळी केक कापतात. सगळ्यात ज्युनिअर म्हणून ऑर्डर द्यायचं काम हिचं. या वेळी वरून रद्द करायला सांगितलं, तर बेकरीवाली आगाऊ दिलेले पैसे परत द्यायला तयार नाही. "तेवढंच माझं डाएट, वृंदाताई," म्हणाली. मी म्हटलं, डाएट राहू दे, आधी पीठ घट्ट मळ.

तिसऱ्या घाण्यापासून जमल्या. तिच्या गोल, एकसारख्या. माझ्या आयर्लंडच्या नकाशासारख्या. दोन डबे भरले. पोर गुणी आहे. बडबडी आहे, पण गुणी.

२० ऑक्टोबर, रविवार

ज्ञानदाला मैदानावर घेऊन गेले होते. थंडीत हात चोळत उभी असताना एकदम मनात आलं — थोरली पडणार! कुठून आलं कुणास ठाऊक. पण असं पक्कं आलं की बाकीच्या आया काय बोलत होत्या ते ऐकूच येईना.

घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि एकेक सापडत गेलं. थोरलीच्या नोकरीच्या जाहिराती ऑगस्टपासून आटल्यात. मोठे साहेब गेल्या दोन मुलाखतींत विक्रीवर बोललेच नाहीत, नुसतं भविष्य, भविष्य. मागच्या अहवालात न विकलेल्या मालाचा साठाही वाढलेला. हे सगळं उघड्यावर पडलंय आणि कुणी बघत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

थोरलीला सुटे भाग पुरवणाऱ्या दोन कंपन्यांचे अहवाल वाचले. दोघींनीही लिहिलंय, एका मोठ्या गिऱ्हाइकाने मागणी कमी केली. नाव नाही. नाव कशाला हवं?

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दुकानात थोरलीच्या मालावर सूट लागलीय. दिवाळीआधी, नाताळच्या दोन महिने आधी! दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी लागते. फोटो काढला. एकूण सहा मुद्दे झाले. धाकटीचं तिकीट अजून स्वस्त आहे. म्हणजे दुनिया झोपलीय आणि मी एकटी जागी. छान वाटलं. खरंच छान वाटलं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहाही मुद्दे लिहून टाकले. नीट, आकडे घालून. चाळीस मिनिटं लागली.

प्रतापचा एक अंगठा. त्याखाली लगेच त्याचाच मेसेज: दिवाळीला पणत्या कोण आणतंय?

गिरीशला विचारलं, वाचलंस का? म्हणाला, वाचलं गं, पण प्रतापने थोरलीचंच घ्यायचं ठरवलंय, आता कशाला सगळ्यांचं डोकं खातेस.

डोकं खातेस!

२४ ऑक्टोबर, गुरुवार

लिहायला हवं. काय पाहिलं, कधी पाहिलं, त्यात काय केलं हेही आलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रतापने ग्रुपवर विचारलं, थोरलीवर लावतोय, फायनल ना? नऊ जणांचे अंगठे आले. गिरीशचासुद्धा. मी हातातला चमचा ठेवला आणि लिहिलं: "थांबा. ती पडणार. आतून कळलंय, स्वरांगीकडून."

दहा मिनिटांत सगळं फिरलं. वहिनी, आधी नाही का सांगायचं! भारीच की! प्रतापने सगळे पैसे धाकटीवर लावले. सहा मुद्द्यांना एक अंगठा, आणि ह्या एका थापेला नऊ जणांची दाद.

स्वरांगी मला काही बोललेली नाही. अक्षरही नाही. संध्याकाळी गिरीशने विचारलं, खरंच म्हणाली ती? मी हो म्हटलं. 

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

कुणाचं काय बिघडलं? स्वरांगीला कळणार नाही, आणि मुद्दे तर माझे आहेत. नाव फक्त तिचं वापरलं. पाकिटावर चांगलं तिकीट लावावं तसं. तरी लिफ्टमध्ये ती भेटली तेव्हा मी फोनमध्ये डोकं घातलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं एक तास मागे. अमेरिकेची पुढच्या रविवारी. म्हणजे या एका आठवड्यात न्यूयॉर्कचा बाजार इथे रात्री नऊला नाही, आठला बंद होणार. ग्रुपवर लिहिलं. प्रताप म्हणतो, नाही वहिनी, नऊच, मी दोन वर्षं बघतोय.

स्वरांगीला विचारून सांगू का, असं लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही. पण वाटलं, हे खरं.

३० ऑक्टोबर, बुधवार

आठ वाजून पाच मिनिटांनी आकडे आले. वाईट! मी म्हटलं होतं तस्सेच वाईट. मागणी घटली, पुढची तिमाहीही मंदच. बाजार बंद झाल्यावरच्या सौद्यांत थोरली घसरायला लागलीसुद्धा.

माझे सहापैकी पाच मुद्दे खरे निघाले. वहीशिवाय कुणाला सांगू?

३१ ऑक्टोबर, गुरुवार

पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी हॅलोविन. दारात पणती, बाहेर सांगाडे आणि चेटकिणी. चॉकलेटं संपली तेव्हा पोरांना चकल्या दिल्या. एका भुताने खाऊन बघितली आणि परत घंटी वाजवली.

आठला बाजार बंद झाला. आठलाच! धाकटी पहिली, थोरली दुसरी. आठ वाजून दहा मिनिटांनी प्रतापचा फोन, नऊची वाट बघत बसलेला. गिरीशने स्पीकरवर घेतला. "मान गये स्वरांगी को," प्रताप म्हणाला, आणि त्याच्याकडे जमलेले सगळे हसले. ज्ञानदा दारातून ओरडली, मॅमी, आणखी तीन व्हॅम्पायर आलेत.

मी जिंकले आणि घरात कुणाला माहीत नाही. हे असलं जिंकणं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन.

स्वरांगी आईला घेऊन आली. लीलावतीकाकू. पहिल्यांदाच विमानात बसल्या, विमानात दिलेला बारका चमचासुद्धा आठवण म्हणून आणलाय. ऑफिसात सगळे सुतकात आहेत, स्वरांगी म्हणाली, आणि मग दुसरं बोलायला लागली. काहीच सांगत नाही पोरगी, नियमाबाहेर.

प्रतापला मी मुद्दाम आठनंतर बोलावलं होतं, या दोघी गेल्यावर. चोराच्या मनात चांदणं.

३ नोव्हेंबर, रविवार

वाटणीचे पैसे आले. गिरीश म्हणतो, तुला काहीतरी घे. नको म्हटलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

घाईत लिहितेय, अक्षर बघून नंतर हसू नये.

स्वरांगीला ऑफिसने घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत. काल तिला एका खोलीत बोलावलं आणि एक चित्र दाखवलं — आमच्या ग्रुपचा मेसेज. माझा मेसेज. खाली प्रतापच्या खात्यावर जिंकलेली रक्कम. प्रतापने ते कुठल्याशा सट्टेवाल्यांच्या फोरमवर टाकलं होतं, फुशारकी मारायला. पाठवणाऱ्याचं, म्हणजे माझं, नाव खोडलं होतं. माझी काळजी! मजकुरातलं खोडायचं त्याला सुचलं नाही. त्यांच्या फायनान्समध्ये स्वरांगी एकच.

ती माझ्या सोफ्यावर बसून रडली. मी चहा केला. आलं किसलं. आलं किसत राहिले, गरज होती त्याच्या दुप्पट.

"तुमच्याच ग्रुपमधलं कुणीतरी आहे, वृंदाताई," ती म्हणाली. "तू शोधशील? तुला जमेल. तुझं कामच आहे ते."

मी म्हटलं, शोधते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

शोधते म्हटलं! जीभ झडली नाही माझी.

१० नोव्हेंबर, रविवार

गिरीशला काल सगळं सांगितलं. की ती काही बोललीच नव्हती. तो म्हणाला, शांत राहा. पुरावा नसेल तर ते तिला परत घेतील. आपण मध्ये पडलो तर आपलीही नावं जातील, आपला नागरिकत्वाचा अर्ज आत आहे, प्रताप अडकेल. झाकली मूठ राहू दे.

पटलं. वाईट म्हणजे पटलंच मला, एक अख्खा दिवस.

मी त्याला विचारलं, माझे सहा मुद्दे तेव्हा वाचले असतेस तर? तो म्हणाला, म्हणजे आता माझी चूक का? नाही. त्याची नाही. ग्रुपवर लिहिणारं बोट माझं होतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

लीलावतीकाकू वर आल्या, हातात डबा. स्वरांगी जेवत नाही, अद्वयला अजून सांगितलेलं नाही, दिवसभर खिडकीत बसते. नोकरी गेली तर दोघींना परत जावं लागेल का, हे त्यांना नीट कळत नव्हतं. मी समजावलं. लगेच नाही, पण दुसरी नोकरी मिळायला हवी, आणि असला डाग लागलेल्या माणसाला फायनान्समध्ये कोण घेतं? हे शेवटचं बोलले नाही.

जाताना माझ्या पाठीवर हात फिरवला. "तू हायेस म्हून बरं हाये, माय. तिले इथं दुसरं कोन हाये?"

डब्यात चकल्या होत्या. त्या दिवशीच्या. एक खाल्ली, बाकीचा डबा फडताळात मागे सरकवला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या सांगणार.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

काकू आत झोपल्या होत्या. स्वरांगी उशीची खोळ बदलत होती. मी दारातच सांगून टाकलं, चप्पल न काढता, नाहीतर धीर सुटला असता. मेसेज मी लिहिला. तू काही सांगितलं नव्हतंस. मी खोटं लिहिलं.

ती खोळ घालतच राहिली. मग विचारलं, "का?"

म्हटलं, माझं कुणी ऐकत नव्हतं.

"म्हणून माझं नाव?"

 मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही, आणि टाकूनही दिली नाही. उशी जागेवर ठेवली. तिने ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, "वृंदाताई, खरं सांग. मी तुला चुकूनसुद्धा काही बोलले होते का? मी किती रात्री आठवून बघितलं. मला वाटतं नाही."

"नाही," म्हटलं. "एक अक्षर नाही. ज्ञानदाची शपथ."

तेव्हा कुठे ती खाली बसली आणि रडली. सुटल्यासारखी रडली. मी लेखी देते म्हटलं. आणि मग आठवलं — लेखी आहेच की! ही वही. २०, २१, २२. तारखेसकट सगळे मुद्दे, कुठून काय सापडलं त्यासह. एवढा पुरावा कुणाकडे असतो?

१६ नोव्हेंबर, शनिवार

गिरीश दोन दिवस बोलणार नाही असं दिसतं. नाही तर नाही.

स्वरांगी म्हणाली, सगळी वही कशाला देतेस, तीनच पानं दे, बाकी तुझं खाजगी आहे. मी तिलाच शिकवलं. फाडलेली पानं म्हणजे पुरावा नव्हे. अखंड वही पाहिजे, म्हणजे तारखांवर शंका राहत नाही. ऑफिसात मी अर्धवट नोंदी परत पाठवते. तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला परत, बघ.

या वहीत माझा मत्सर आहे, प्रतापला घातलेल्या शिव्या आहेत, नवऱ्याबद्दल आहे. जाऊ दे. लाज वाटेल ती माझी मला.

१७ नोव्हेंबर, रविवार

तीन पानांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या. सगळी वही परत वाचून काढावी असं मनात आलं. पण वाचली तर खाडाखोड करायचा मोह होईल. म्हणून नाही वाचली. जशी आहे तशी जाऊ दे.

उद्या दहा वाजता, स्वरांगीच्या ऑफिसात. ही या वहीतली बहुधा शेवटची नोंद.

१८ नोव्हेंबर, सोमवार

ज्ञानदाच्या शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. पुढे तिची बेरीज-वजाबाकी आहे.

वही दिली. चौकशीवाली बाई कॉर्कची, साठीची, मऊ बोलणारी. मी सगळं सांगितलं: मेसेज माझा, नाव खोटं, विचार माझा. चिठ्ठ्या दाखवल्या. ती म्हणाली, आम्ही सगळं भाषांतर करून घेऊ. बाकी काय आहे वहीत? मी म्हटलं, घरगुती — फराळ, मुलगी, नवरा. "ग्रँड, सो," म्हणजे ठीक आहे, म्हणाली आणि पावती दिली.

बाहेर आले तर ऊन होतं. सँडीफोर्डपर्यंत लुआसमध्ये उभीच राहिले, बसावंसं वाटेना. महिन्याभरात पहिल्यांदा छाती मोकळी. आणि खोटं कशाला बोलू, कुठेतरी हेही वाटलं की आता माझे सहा मुद्दे कुणीतरी नीट वाचणार. पगार घेऊन वाचणार.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

प्रताप आला होता. चौकशीचं पत्र त्यालाही गेलंय. "वहिनी, इतकं डोकं होतं तर तुमच्याच नावावर सांगायचं ना." मी म्हटलं, सांगितलं होतं. तेवीस तारखेला. तू अंगठा दिलास. त्याला आठवलं नाही. फोन काढून शोधलं, सापडलं, उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग सॉरी म्हणाला. हे एवढंच हवं होतं मला महिन्याभरापूर्वी. आता ठेवायला जागा नाही त्याला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

स्वरांगी हसली आज! लिफ्टमध्ये. तिची वकिलीणबाई म्हणाली म्हणे, बाहेरच्या माणसाने तारखेची वही आणून दिली, याहून चांगलं काय असणार. अद्वयला तिने सगळं सांगितलं. त्याने जानेवारीचं तिकीट रद्द केलेलं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

काकूंनी खाली बोलावून घेतलं आणि मला गरम गरम झुणका-भाकरी वाढली. स्वरांगीने त्यांना माझं सांगितलेलं दिसत नाही. की सांगितलंय आणि तरी वाढली? विचारायचं धाडस झालं नाही.

२ डिसेंबर, सोमवार

परवा निकाल. मी अंघोळीनंतर देवापुढे उभी राहिले, तर काय मागावं ते आधी सुचेना. मग सुचलं.

४ डिसेंबर, बुधवार

वही परत आली. तिच्यातच लिहितेय. माझ्या तीन पिवळ्या चिठ्ठ्या जिथल्या तिथे आहेत. चौथी गुलाबी, माझी नाही. १९ ऑक्टोबरच्या पानावर. केक रद्द केल्याच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ.

चौदा तारखेला मी थोरलीच राहणार म्हणत होते, वीसला नाही. मध्ये चकल्या होत्या.

स्वरांगीला काढलं. फोन आला तिचा. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "वृंदाताई, देण्याआधी तू ती वाचली नव्हतीस का गं?"